मी शांतता बांधायला काढली

ज्या वर्षी आमच्या सूनबाईला मुलगी झाली आणि रजा संपवून ती पुन्हा इस्पितळात रात्रपाळीला जायला लागली, त्या वर्षी मी घरात शांतता बांधायला काढली. लोक विहीर बांधतात, माडी बांधतात, हौसेने कुंपण बांधतात. शांतता बांधलेली मी तरी कुणाची पाहिली नव्हती, त्यामुळे कुणाला विचारायची सोय नव्हती. पण न विचारता सांगणाऱ्यांची वाण कुठेच नसते, हे पुढे कळलंच.

झालं असं की एक दिवस भाजी निवडता निवडता बायकोने सांगितलं, मुलगा भाड्याचं घर बघतोय. मी विचारलं, कुणासाठी? ती म्हणाली, स्वतःसाठी. सूनबाई सकाळी कामावरून येते, दिवसा झोपायला बघते आणि या घरात तिचा डोळ्याला डोळा लागत नाही. परवा म्हणे तिने पेशंटचा ताप बघायला थर्मामीटर काढला, तो स्वतःच्याच काखेत धरला आणि उभ्या उभ्या डुलकी काढली. पेशंटला ताप नाही असं लिहिणार, तेवढ्यात पेशंटनेच चूक दाखवली. असं किती दिवस चालणार? महिनाअखेरीला दोघं मुलीला घेऊन नदीपलीकडे राहायला जाणार होती.

मी तिची निवडलेली भाजी उचलून देठांच्या ढिगात टाकली. नात तेव्हा नुकती पालथी पडायला लागली होती. पालथी पडली की मान वर करून आधी माझ्याकडे बघायची, जमलं का म्हणून. नदीपलीकडे गेल्यावर ती कुणाकडे बघणार होती?

आणि सूनबाई म्हणाल तर ती माझी मास्तरीण. मी जन्मभर कापडाच्या गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे यंत्रमाग, चालवले, सही म्हणजे अंगठा. बाळंतपणाच्या रजेत तिने एका मांडीवर बाळ घेतलं, समोर मला बसवलं आणि अ-आ-इ पासून सुरुवात केली. बाळ हसायला लागलं त्या सुमाराला मी जोडाक्षरांवर आलो. उपकार विसरणारा माणूस मी नव्हे. रोज सकाळी ती कामावरून येऊन पडली की मी तिच्या दाराशी खुर्ची टाकायचो आणि अख्खं वर्तमानपत्र वाचून दाखवायचो, म्हणजे आपला विद्यार्थी कुठवर आलाय हे तिला पडल्या पडल्या कळावं. बातम्या, हवामान, निविदा, हरवले-सापडले, काही म्हणून सोडायचो नाही. मनातल्या मनात वाचायची विद्या तिने मला शिकवली नव्हती. म्हणजे शिकवणार होती, पण रजा संपली.

तर आवाज शोधणं आलं.

शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या मागच्या गल्लीत एक पत्रेवाला पेट्या ठोकायचा. मला घरात बसल्या जागी सकाळ-संध्याकाळ एक ठकठक ऐकू यायची, ती त्याची हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. मी चप्पल घातली आणि तडक त्याच्या दुकानात गेलो. माणूस सभ्य निघाला. त्याने हातातला हातोडा खाली ठेवला, यंत्राचं बटण बंद केलं, मला स्टूल दिलं आणि म्हणाला, दादा, आता ऐका, अजून आवाज येतोय का. मी ऐकलं. ठकठक चालूच होती. मी त्याला म्हटलं, दुसरं यंत्र कुठे लपवलंय ते दाखव. त्याने मला सगळं दुकान दाखवलं, मागची मोरी दाखवली, माळ्यावर चढवून माळा दाखवला. यंत्र एकच होतं आणि ते बंद होतं. मी माळ्यावरून उतरताना त्याला बजावलं की मी असा फसणारा नाही. तो बिचारा म्हणाला, नाही दादा. नंतर कळलं, त्या दिवसापासून मी गल्लीतून जाताना दिसलो की तो काम थांबवून हात वर करून उभा राहायचा.

पत्रेवाला ऐकत नाही म्हटल्यावर एकच उपाय उरला, आवाज घरात येऊच द्यायचा नाही. घराच्या मागच्या अंगाला आमची अडगळीची खोली होती, एक खिडकी आणि भरपूर अडगळ असलेली. ती मोकळी करून, चारी बाजूंनी बंद करून, सूनबाईला झोपायला द्यायची. सोपं काम. चार दिवसांचं, असं मी बायकोला सांगितलं. बायको काहीतरी बोलणार होती, पण मी तोवर सुताराला बोलवायला गेलो होतो.

सुतार यायच्या आधी पेन्शनर आले. पेन्शनर आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. कुठल्यातरी कार्यालयात मोठ्या टेबलामागे जन्म काढलेला माणूस, त्यामुळे त्यांना सगळ्याच गोष्टींतलं कळतं. ते म्हणाले, दादा, शांतता बाहेर नसते, भिंतीत असते. भिंत जितकी जाड तितकी शांतता जाड. मला हे पटलं. मग खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई आल्या. त्या म्हणाल्या, भिंत कसली जाड करता, कापड लावा, आवाज कापडात मुरतो. माझ्याकडे कात्रणांची पोती पडली आहेत, घेऊन जा. हेही मला पटलं. सुतार म्हणाला, दोन्ही करा आणि मधे भुसा भरा. त्याच्याकडे भुसा पडला होता. मला सगळंच पटत गेलं, हा माझा स्वभाव आहे.

असं ते सुरू झालं. भिंतींवर फळ्या, फळ्यांमागे भुसा, फळ्यांवर कात्रणांच्या गाद्या. खिडकी बुजवली. हवेला म्हणून सुताराने वर एक नागमोडी नळी बसवली, त्याच्या मते वारा वळण घेतो, आवाजाला घेता येत नाही. दिवसभर ठोकाठोक. सूनबाई त्या दिवसांत इस्पितळातच एका बाकावर झोपून संध्याकाळी घरी यायची. मला वाटलं, काम वाढलं असेल. एकदा मुलगा दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, बाबा, हे सगळं कशाला? मी म्हटलं, शांततेसाठी. सुताराने तेव्हाच नेमका मोठा खिळा घेतला होता, त्यामुळे मला ते पुन्हा सांगावं लागलं, आणि मुलगा कपाळाला हात लावून निघून गेला.

पहिला थर झाला तेव्हा मी परीक्षा घेतली. मी आत बसलो आणि सुताराला सांगितलं, बाहेर उभा राहून रिकामा डबा बडव. त्याने बडवला. मला डबा काही म्हणजे काही ऐकू आला नाही. मी त्याला आतून शाबासकी दिली. मी मान वळवून बघितलं तर तो समोरच उभा होता, हातात डबा घेऊन, आणि आमच्या मधे नुसती चौकट होती. तो म्हणाला, दादा, दार अजून बसवायचंय. मी म्हटलं, मग तर काम आणखीच चांगलं झालं म्हणायचं. सुताराने डब्याला कुठे भोक पडलंय का ते बघितलं. मग बायकोने आत बसून बघितलं. ती म्हणाली, मला शिंपीणबाईंची कात्रीसुद्धा ऐकू येते. बायकोला माझं कुठलंही काम पहिल्या झटक्यात पसंत पडत नाही, तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. पण ठकठक मलाही येत होती, बारीक का होईना. म्हणून आणखी दोन थर लावले. खोली आतून इतकी लहान झाली की एक खाट आणि एक माणूस मावेल. पत्रेवाल्याची ठकठक तरी काही हटेना. मी मनात म्हटलं, काय हात आहे या माणसाचा.

दार हे सुताराचं खास काम. दुहेरी फळीचं, हातभर जाड, कडेने रबर. मूठ बसवायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, दादा, बाहेरून बसवतो, आतून नको. आतून मूठ म्हणजे आरपार भोक, आणि भोक म्हणजे शांतता गळणार. इतक्या थरांनंतर एका भोकापायी सगळं घालवायचं? मला पटलं.

मग पेन्शनरांना आठवलं की घरात असा फेरबदल करायचा तर पालिकेची परवानगी लागते. आधी का नाही आठवलं, असं मी विचारलं तर म्हणाले, आधी फेरबदल कुठे होता? त्यांचंही बरोबरच होतं.

पालिकेत मी स्वतः गेलो. वाचता येत होतं, आता खिडक्यांवरच्या पाट्या वाचत योग्य खिडकीशी जाता येणार याचा अभिमान होता. सगळ्या पाट्या मी नीट वाचल्या. रांगेतले लोक वळून वळून बघत होते, शिकलेल्या माणसाकडे बघतात तसे. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, खोली कशासाठी? मी म्हटलं, शांततेसाठी. त्या म्हणाल्या, आमच्याकडे झोपायची खोली आहे, न्हाणीघर आहे, कोठार आहे, दुकान आहे. शांतता नाही. मी म्हटलं, ती तर कुणाकडेच नाही, म्हणूनच बांधतोय. त्यांनी कानावर हात ठेवला आणि सांगितलं, आजोबा, मी समोरच आहे, हळू बोला, साहेब येऊन बघतील.

साहेब आले. किडकिडीत, सर्दी झालेले, हातात मोजायची फीत. त्यांनी दार बघितलं, भिंतीला बोट लावलं, बोट कात्रणात घुसलं. मग माझ्याकडे संशयाने बघून म्हणाले, आवाज बाहेर जाऊ नये असं आत काय करणार आहात? मी म्हटलं, साहेब, उलटं आहे. बाहेरचा आत येऊ नये म्हणून. ते म्हणाले, दार तर एकच आहे, दोन्हीकडून सारखंच लागतं. पालिकेच्या माणसाला असलं कसं सुचतं, मला नवल वाटलं. मग त्यांनी आत जाऊन मोजमाप घ्यायचं म्हटलं आणि नीट अंदाज यावा म्हणून दार ओढून घेतलं.

आम्ही बाहेर बसलो. बायकोने चहा ठेवला. पेन्शनर होते, शिंपीणबाई होत्या, सुतार होता. चहा झाला, साहेब आले नाहीत. पेन्शनर म्हणाले, इतक्या बारकाईने काम करणारा अधिकारी आता राहिला नाही. आमच्या वेळी एक होता. मग त्यांनी त्या एकाची गोष्ट सांगितली, ती लांब होती. साहेबांच्या कपावर बशी झाकली. पुढे तो चहा परत गरम केला. शिंपीणबाई म्हणाल्या, माणूस प्रामाणिक असणार, नाहीतर इतका वेळ कोण देतो. सुतार एकदम गप्प होता. त्याला दाराची मूठ आठवली होती असा माझा आजही संशय आहे, पण तेव्हा तो काही बोलला नाही. शेवटी साखर किती हे विचारायला बायको गेली आणि तिने दार उघडलं.

साहेब जमिनीवर बसले होते. बूट काढून बाजूला ठेवलेले, फीत हाताभोवती गुंडाळलेली, केस विसकटलेले. दाराच्या आतल्या बाजूला कात्रणांवर त्यांच्या मुठींचे ठसे होते. मी मनात म्हटलं, संपलं. खोली पाडायची नोटीस, वर तुरुंग.

साहेब म्हणाले, "जरा लोटून घेता का परत? आत्ताच लागली होती."

काय लागली होती ते त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. आधी ते पुष्कळ ओरडले. ओरडून घसा बसला. मग पोटातली गुरगुर ऐकू आली, मग छातीतली धडधड, मग डोळ्यांची उघडझाप. डोळे मिटताना आवाज होतो हे तुम्हाला माहीत आहे का, असं त्यांनी आम्हाला विचारलं. मग तेही मागे पडलं आणि त्यांना जिन्यावर वडिलांची पावलं ऐकू आली. लहानपणी संध्याकाळी यायची तशी, एका पायरीवर जरा थांबून. वडील वारून बरीच वर्षं झाली होती. सर्दी झालेल्या माणसाचे डोळे ओले आहेत की नाही हे सांगणं कठीण असतं, म्हणून मी सांगत नाही. बूट चढवत ते म्हणाले, परवानगीचं मी बघतो, आणि दर गुरुवारी कार्यालयाला अर्धी सुट्टी असते, तेव्हा आलो तर चालेल का?

ही गोष्ट पेन्शनरांसमोर घडली होती, म्हणजे संध्याकाळपर्यंत ती साऱ्या रस्त्याला कळली. दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. एकेकजण आत जायचा, बायको मुठीशी बसून दार उघडायची, आणि बाहेर आला की बाकीचे त्याला घेरायचे, काय ऐकलंस म्हणून. शिंपीणबाईंना मशीन चालल्याचा आवाज आला, टाका सुटल्याचा सुद्धा, आणि त्यांनी घरी जाऊन बघितलं तर एका झग्याचा टाका खरंच सुटला होता. पेन्शनरांना त्यांच्या कार्यालयातली घंटी ऐकू आली आणि ते आत उठून उभे राहिले, डोकं आपटलं. सुताराला बायकोची हाक ऐकू आली. बायको घरी धडधाकट होती, पण त्या दिवसापासून तो वेळेवर घरी जायला लागला. एका गवळ्याला काहीच ऐकू आलं नाही, तो इतका घाबरला की पैजेवर सुद्धा परत आत गेला नाही. मी हे सगळं ऐकत बसायचो आणि माझी छाती फुगायची. माझ्या मेहनतीतून माणसांना त्यांची त्यांची माणसं भेटत होती.

फक्त एक झालं. बाहेरच्या खोलीत जत्रा भरली. दाराशी चपलांचा ढीग, हातोहात चहा, आत कोण, आता नंबर कुणाचा, मला कालपेक्षा आज कमी ऐकू आलं. आणि ज्या मुलीसाठी हे सगळं केलं ती उशी कानावर दाबून आपल्या खोलीत पडलेली.

मी सगळ्यांना घालवलं. म्हटलं, आज मालकिणीचा दिवस. सूनबाई नको नको म्हणत होती, पण माझा शब्द तिला मोडवेना. नवी चादर घातली, ती आत गेली, दार लागलं. मी मुठीशी पहारा द्यायला बसलो. थोड्या वेळाने मलाच राहवेना म्हणून उघडून बघितलं. ती खाटेवर ताठ बसली होती, दाराकडे डोळे लावून. म्हणाली, "बाबा, खोली फार चांगली झाली आहे. पण आत बाळाचं रडू येत नाही. ते रडेल आणि मला कळणार नाही म्हणून मी जागी आहे."

एवढे थर लावले, त्यात हा विचार कुणालाच शिवला नव्हता. ना मला, ना भुसा देणाऱ्याला.

मग महिनाअखेर आली. मुलाने बोचकी बांधली, पाळण्याचे भाग सुटे केले. टेम्पो दुपारी येणार होता. निरोप द्यायला म्हणून शेजारी जमले आणि आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत बसलो. मला ते सहन होईना. मी उभा राहिलो आणि जे मनात होतं ते बोललो. म्हटलं, मी खिडकी बुजवली, भिंती जाड केल्या, पत्रेवाल्याला दम भरला, पालिकेत गेलो. अजून काय करायचं बाकी आहे ते सांगा. एवढं करून या मुलीची झोप मोडणारा आवाज येतो तरी कुठून? कोण करतंय? त्याचं नाव सांगा, मी त्याच्या घरी जाऊन त्याला विचारतो.

आतल्या खोलीत बाळ दचकून रडायला लागलं. वळचणीतली कबुतरं उडाली. खोलीतला प्रत्येक माणूस आपापल्या कपात बघायला लागला, जणू आवाज करणारा तळाशी बसलाय. सूनबाई पदराशी चाळा करत होती.

आता इथे एक सांगायला हवं. गिरणीत साच्यांच्या गोंगाटात तोंडाने बोलून उपयोग नसतो, त्यामुळे आम्ही सगळे आवाज न काढता ओठांनी बोलायचो. शब्द ओठांवर मोठा करून दाखवायचा आणि समोरच्याने वाचायचा. अक्षरं मला म्हातारपणी आली, पण ही वाचणी मला पोरवयापासून येत होती. आमची ही तेव्हा शेजारच्या खात्यात सुताच्या कांड्या भरायची आणि टोपली घेऊन आमच्या खात्यात यायची. लग्नाचं मी तिला साच्यांच्या दोन ओळींपलीकडून विचारलं. ती तिथूनच म्हणाली, विचार करून सांगते, आणि मधल्या सगळ्या विणकरांनी ते वाचून माझ्याकडे बघून माना हलवल्या. घरी मात्र आम्हा दोघांखेरीज हे कुणाला येत नव्हतं. मुलगा लहान असताना आम्ही त्याच्यासमोर असेच भांडायचो. त्याला एवढंच कळायचं की आता आपण दुसरीकडे बघायचं.

तर त्या दिवशी बायकोने समोरून माझ्याकडे बघितलं आणि ओठांनी म्हणाली, "तुमचा."

मी ओठांनीच विचारलं, काय माझा?

"आवाज. बोलण्याचा, वाचण्याचा. दार लावण्याचा सुद्धा. रोज तिच्या दाराशी."

कधीपासून, म्हटलं.

"लग्न झालं तेव्हापासून. तुमचे कान गिरणीतच राहिले."

मी पत्रेवाल्याचं नाव काढलं. ती म्हणाली, तो सकाळी दुकानच उघडत नाही. मग ती ठकठक कुणाची, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ती माझी मला ओळखू आली. तिला एक लय होती, साच्यावर सूत नेणारा धोटा इकडून तिकडे जातो आणि परत येतो तशी. मी जन्मभर ऐकली होती.

मुलाने तोंड फिरवून भिंतीकडे केलं होतं, शहाण्यासारखं. शिंपीणबाईंना वाटलं आम्ही दोघं मिळून काही जप करतोय. पेन्शनर माझी नाडी बघायच्या बेतात होते.

मी शेवटचं विचारलं. इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?

बायको ओठांनी म्हणाली, "मला तुमचा आवाज लागतो, तशी तिला झोप लागते."

मी उठलो. खुर्चीवरचं वर्तमानपत्र घेतलं. सूनबाईजवळ जाऊन अगदी तिच्या कानात म्हटलं की पोरी, टेम्पो आला तर उभा राहू दे, तू आधी झोप, आजपासून माझं वाचन आत. हे कानातलं बोलणं खालच्या मजल्यावर शिंपीणबाईंच्या कारागिराला नीट ऐकू गेलं, असं तो पुढे सांगायचा. मग मी खोलीत गेलो आणि दार ओढून घेतलं. आतून मूठ नाही हे मला तेव्हाही आठवलं नाही.

आणि मी वाचलं. छाती भरून वाचलं. मुख्य बातमी वाचली, अग्रलेख वाचला, जाहिराती वाचल्या, हवामान दोनदा वाचलं. वाचून दमलो तेव्हा कागद बाजूला ठेवला आणि बसून राहिलो. ठकठक आली. या वेळी मी तिला ओळखत होतो, तेव्हा कुणावर रागवायचं कारण नव्हतं. एक साचा, मग शेजारचा, मग पुढची ओळ. होता होता अख्खं खातं चालू झालं. आमच्या गिरणीला कुलूप लागून किती वर्षं झाली, तिथे आता गवत आहे. पण आत सगळं चालू होतं, पट्टे फिरत होते, तेलाचा वास सुद्धा आला. मी उठून उभा राहिलो आणि ओळीतून एक चक्कर मारली. जागा एका खाटेची होती, तरी मारली. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

बाहेर काय झालं ते मला नंतर कळलं. मी आत गेलो आणि घर गप्प झालं. नुसतं गप्प नाही, पेन्शनर म्हणाले, असं वाटलं जणू कुणीतरी धबधबा बंद केला. बाळ रडायचं थांबलं. सूनबाई जिथे बसली होती तिथेच कलंडली, बोचक्यावर डोकं ठेवून. तिला बघून मुलगा झोपला. शेजारी चपला हातात घेऊन निघून गेले. बायको मला उघडायला म्हणून मुठीशी येऊन बसली आणि तिथेच तिला झोप लागली. टेम्पोवाला आला, दारातून आत डोकावला, सगळी माणसं आडवी पडलेली बघून घाबरला. मग कुणीतरी घोरलं म्हणून त्याच्या जिवात जीव आला. तो पायरीवर बसला आणि तोही पेंगला.

दार सूनबाईने उघडलं. तिन्हीसांज झाली होती. तिच्या गालावर बोचक्याच्या गाठीचा ठसा उमटला होता आणि डोळे टवटवीत होते. कित्येक महिन्यांत मी ते तसे बघितले नव्हते.

ती म्हणाली, "बाबा, चुकलं माझं. मनात वाचायला शिकवायचं राहिलं. उद्यापासून घेते."

"नको," मी म्हटलं. "खोली वाया जाईल."

ती हसायला लागली, मग तिला हसू आवरेना. तिचं हसणं मला नीट ऐकू आलं, मधे चौकटच होती फक्त. मुलगा उठून आला. त्याला आधी वाटलं मी पुन्हा काहीतरी बांधायला काढलंय. मग सूनबाईने त्याला सांगितलं, पाळणा परत जोड. टेम्पो आलाच होता, तर त्यातून सुताराच्या उरलेल्या भुशाची पोती परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी मी पत्रेवाल्याकडे गेलो. तो हात वर करून उभा राहिला. मी त्याला हात खाली करायला लावले आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, दादा, मलाही रात्री येते हो ठकठक, मी बायकोला म्हणतो शेजारी कुणीतरी पेट्या ठोकतोय. गुरुवारी साहेबांनंतर त्याचा नंबर लावून दिला. पालिकेतून परवानगीही आली. खोली कुठल्या प्रकारात बसवली बघितलं, तर कोठार. साठवलेला माल काय, ते त्यांनी विचारलं नाही.

आतून मूठ बसवायला सुतार दोनदा आला. दोन्ही वेळा मीच परत पाठवलं. बायको बाहेर मुठीशी बसते, तिची बैठक मोडायला नको. पुढे पुढे माझं वर्तमानपत्र संपलं की ती आतच येऊन बसायची आणि दाराला पाचर लावून ठेवायची. आम्ही दोघं तिथे ओठांनीच बोलायचो. तिथे गोंगाट नव्हता, आवाज काढायला कुणी मनाई केली नव्हती, पण तसंच बरं वाटायचं. सूनबाई बाहेर नीट झोपायची. नात रांगायला लागली, चालायला लागली, आणि आमच्यामधे बसून आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघायला लागली. तिला ते वाचता येतं हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं, तोवर आमची बरीचशी भांडणं तिच्या आईपर्यंत पोचली होती.

बायको वारली ती नात शाळेत जायला लागली त्या वर्षी, थंडी सुरू होता होता, एका सकाळी, चहा व्हायच्या आधी. आता मुठीशी नात बसते, आणि मी आत वाचून थांबलो की साच्यांच्या दोन ओळींपलीकडून तिची आजी ओठांनी म्हणते, विचार करून सांगते.